बिनवासाचा सुळका

१

नाकावर पोट भरणारी माणसं जगात किती असतील कोण जाणे, पण ती त्यांतलीच एक. प्रयोगशाळेत सगळे तिला 'नाक' म्हणत. "नाक आलं का?" "आधी नाकाला विचारा." अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर अलीकडे तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे. सकाळी उठायचं, कामाला जायचं, हुंगायचं, घरी यायचं.

काम सांगायला सोपं, करायला कंटाळवाणं. बुरश्या आपापल्या पोटात नाना तऱ्हेची रसायनं तयार करत असतात. काही विषारी, काही औषधी, आणि बरीचशी अशी की ती कशासाठी करतात ते त्यांनाच ठाऊक. तळघरात एक उबदार खोली होती. तिथे काचेच्या बाटल्यांत भिजवलेल्या गव्हावर बुरश्या वाढवायच्या, बाटलीतली हवा ओढून घ्यायची आणि वरच्या खोलीतल्या यंत्रात सोडायची. यंत्राच्या पोटात केसासारखी बारीक, लांबच लांब नळी गुंडाळलेली. तिच्यातून जाता जाता एकेक रसायन सुटं व्हायचं आणि शेवटाला त्याचे दोन वाटे पडायचे. एक वाटा यंत्र स्वतःकडे ठेवी आणि पडद्यावर रेघ ओढी. रसायन आलं की रेघेला सुळका येई. दुसरा वाटा काचेच्या पेल्यात येई, आणि त्या पेल्यात हिचं नाक. वास आला की बटण दाबायचं, काय आहे ते बोलायचं, वास गेला की बोट उचलायचं. "ओला पुठ्ठा." "काकडीची साल." "नुकतीच विझवलेली मेणबत्ती." यंत्र कितीही शहाणं असलं तरी वास म्हणजे काय ते त्याला कळत नाही, म्हणून ही नोकरी टिकून होती.

नियम मोठे कडक. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही, जेवणात कांदा-लसूण नाही. वर्षानुवर्षं असं राहून तिच्या अंगाला तिचा स्वतःचा म्हणून जो काही वास असेल तेवढाच उरला होता. तो कसा आहे ते मात्र तिला माहीत नव्हतं. आपला वास आपल्याला येत नाही. नाक त्याला घरचाच समजून सोडून देतं.

आणखी एक नियम होता. एका नमुन्याला दोन नाकं. एकाच्या नाकातून निसटलं तर दुसऱ्याच्या नाकात सापडावं म्हणून. दुसरं नाक मामांचं. मामा म्हणजे साबणाच्या कारखान्यात अर्धी हयात घालवून इथे आलेला टकला, विनोदी माणूस. कुणाचाच मामा नाही आणि सगळ्यांचा मामा. पण त्या दिवसांत मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते घरी पडून होते. मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या की तोवर दोन्ही पाळ्या हिनंच बसावं, तात्पुरतं चालवून घेऊ. तिनंही मान डोलावली. चालवून घेतलं, तिथेच सगळं चुकलं.

२

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसले आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. मागोमाग कानही गेले. कानाशी ओरडावं तेव्हा कुठे चार शब्द आत शिरत. राहिलं होतं ते नाक, आणि ते मात्र तिच्या नाकाच्याही वरचढ होतं. बाप तशी लेक, असं मामा म्हणत.

मागे एकदा एक भामटा दाराशी आला. "तुमच्या मुलीला लागलंय, तिनंच पाठवलंय मला," असं कानात ओरडून तो घरात शिरला आणि बाबांची हत्यारांची पेटी घेऊन गेला. त्या पेटीचं त्यांना फार लागलं. तेव्हापासून दाराला आतून साखळी. तिच्याकडे किल्ली होती, पण साखळीपुढे किल्लीचं काय चालणार? दार वाजलं की हादरा बाबांना पायाखालच्या फरशीतून कळे. ते साखळी न काढता दार बोटभर उघडत, फटीला नाक लावत आणि म्हणत, "आलीस?" मग साखळी खाली येई.

"आवाज कुणीही काढील," ते म्हणत. "वासाची नक्कल कुणाच्या बापाला जमायची नाही."

दिवसभर ती नाक असे. त्या एका 'आलीस?'च्या क्षणी ती मुलगी होई. ते तिला आवडे. एवढी एक गोष्ट तिला अजून आवडे, आणि ते आपल्याला आवडतं याचं तिला बरंही वाटे. तिच्याशिवाय बाबांना कुणी नव्हतं आणि बाबांशिवाय तिला. कधीतरी हे 'आलीस?' थांबेल, म्हातारं माणूस आहे, हा विचार मनात आला की ती दिवा लावायला उठे.

३

त्या बुरशीला कुणी आणलं नव्हतं. हुंगायच्या खोलीत खिडकीशी एक काचेची थाळी चुकून उघडी राहिली होती आणि तिच्यात पांढरं, मऊ काहीतरी उगवलं. धुणाऱ्यानं, म्हणजे काचेची भांडी धुणाऱ्या माणसानं, ते फेकायला उचललं तेव्हा मॅडमनी त्याला थांबवलं. उपऱ्या बुरशीनंच कधीकधी नशीब उघडतं, म्हणाल्या. म्हणून तिचं नाव पडलं उपरी. तिला बाटलीत गहू मिळाला, ऊब मिळाली, आणि ती झपाट्यानं वाढली.

उपरीचा पहिला नमुना तिनं हुंगला तेव्हा सुरुवात नेहमीसारखीच झाली. ओला पुठ्ठा. मग माती. मग किंचित संत्र्याची साल. मग काहीच नाही. बोट बटणावर तयार ठेवून ती थांबली. बराच वेळ काहीच नाही. तिनं सहज डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं, तर रेघ सरळ वर निघाली होती. एवढा उंच सुळका तिनं आजवर पाहिला नव्हता. पेल्यात रसायन नुसतं भरून वाहत होतं आणि तिला कसलाच वास येत नव्हता.

यात नवल नव्हतं. बिनवासाची रसायनं असतात. शिवाय काही नाकांना काही वास येतच नाहीत. डोळ्याला एखादा रंग दिसत नाही तसंच. ती स्वतःला हे समजावत राहिली. पण एक गोष्ट खटकत होती. बिनवासाचं रसायन आलं तरी पेल्यातल्या बाकीच्या हवेला वास असतोच. तापलेल्या नळीचा, रबराचा, खोलीतल्या धुळीचा. सुळका होता तेवढा वेळ तेही नव्हतं. सगळं पुसून काढल्यासारखं झालं होतं, आणि सुळका उतरल्यावर रबर पुन्हा आलं.

दुपारी दुसऱ्या पाळीला तीच बसली. तेच झालं. "वास नाही," असं तिनं दोन्ही वेळा सांगितलं, आणि दोन नाकांनी सांगितलं असं धरलं गेलं.

मॅडम खूश झाल्या. बुरशीची औषधं पुष्कळदा घाण वासापायी मार खातात. एवढं भरपूर आणि तेही बिनवासाचं, म्हणजे सोन्याहून पिवळं. उपरीला मोठ्या टाकीत हलवायचं ठरलं. तळघरातली ती स्टीलची टाकी माणूस उभा राहील एवढी होती.

४

त्याच सुमारास तिला डास चावेनासे झाले. जन्मभर डासांची ती लाडकी; दहा माणसांत बसली तरी तिलाच फोडून खात. आता संध्याकाळी गॅलरीत बसलं तरी डास तिच्या हातावरून उडत जात, हातावर बसत नसत. बाबा आपले पाय खाजवत कुरकुरत, की हल्ली सगळे माझ्याच वाट्याला कसे येतात. तिला गंमत वाटली. म्हातारपणी मेजवानी तुम्हीच द्या, असं ती त्यांच्या कानाशी ओरडली आणि ते हसले.

मग एका संध्याकाळी तिनं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं. फटीत बाबांचं नाक दिसलं, आणि ते तिथेच राहिलं.

"कोण?" बाबा म्हणाले.

ती काही बोलणार तोच त्यांनी पुन्हा खोल श्वास घेतला आणि "हां, आलीस," म्हणत साखळी काढली. जेवताना म्हणाले, सर्दी झाली असावी. तीही म्हणाली, हवाच तशी आहे. त्यांना सर्दी नव्हती. सर्दी झालेल्या नाकाचा श्वास तिला ऐकू आला असता.

५

टाकीतली उपरी चांगली रुजली. तळघरातून नमुने वर येत राहिले आणि दर नमुन्यात बिनवासाचा एक नवा सुळका पहिल्याच्या शेजारी उभा राहू लागला. आधी एकटाच होता, मग जोडी झाली, मग नुसती रांग. ती पेल्यात नाक घालून बसे आणि तिचं बोट बटणाच्या वर तसंच थांबून राही. काम हलकं झालं होतं. पेल्यावरून उठल्यावर डोकं रिकामं, शांत वाटे. दुखरा दात बधिर केल्यावर जिभेला लागतो तसं, आपलंच आणि आपलं नसलेलं. हे बरं नाही, असं तिला एकदा वाटलं. त्या वाटण्यालाही जोर नव्हता.

दाराशी बाबांना आता वेळ लागू लागला. ते फटीतून हुंगत, मान तिरपी करत, पुन्हा हुंगत. एकदा म्हणाले, "तू हल्ली पातळ येतेस गं."

तिनं उपाय केले. दोन दिवस तेच कपडे घातले. जिने पळत चढून घाम काढला. अत्तर लावणं तर नियमात बसत नव्हतं. तरी एकदा येता येता तिनं कांदा चिरून हातांना चोळला. बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "कांदा आलाय. तू कुठे आहेस?" थट्टाच होती ती. दोघंही हसले. रात्री मात्र तिनं आपलं मनगट नाकाशी धरून पाहिलं. काही आलं नाही. तसं तर कधीच येत नसे, मग आता त्यात नवं काय, असं म्हणून ती झोपली.

६

मामा काठी टेकत कामावर परतले ते चेष्टा करतच. म्हणाले, मी नव्हतो म्हणून तू दोन माणसांची हवा खाल्लीस, आता माझा वाटा काढ. ते उपरीच्या नमुन्याला बसले. ती आणि मॅडम पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

ओला पुठ्ठा, म्हणाले मामा. माती. संत्र्याची साल. मग पडद्यावर पहिला सुळका चढू लागला आणि मामांच्या बोटानं बटण दाबलं.

मॅडम चमकल्या. मामांनी काय वास ते बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. एकामागून एक सुळके चढले, उतरले, आणि तेवढा वेळ त्यांचं बोट बटणावर दाबलेलंच राहिलं. नख पांढरं पडलं. रेघ सपाट झाल्यावर त्यांनी पेल्यातून तोंड काढलं. नाकाभोवती काचेची वर्तुळाकार खूण उठली होती.

"हिला वास आला नाही म्हणता?" त्यांनी मॅडमना विचारलं. मग तिच्याकडे वळले. त्यांच्या आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता. "तुला कसा येईल? पेल्यात तूच आहेस."

मॅडम म्हणाल्या, म्हणजे काय? मामा म्हणाले, म्हणजे हेच. इतकी वर्षं हिच्यामागून या खुर्चीत बसतोय. खुर्चीच्या पाठीला, पेल्याच्या कडेला हिचा म्हणून एक वास असायचा. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर येतो तसा. तो मी रोज आधी मनातून वजा करायचो आणि मग कामाला लागायचो. तोच आहे. एकेक धागा वेगळा काढून ओळीनं लावलाय.

बोलता बोलता ते थांबले. काठी टेकत तिच्या जवळ आले, तिच्या खांद्याशी वाकले आणि त्यांनी श्वास घेतला. दोनदा घेतला. मग ते एक पाऊल मागे सरकले.

"आणि तुझ्यात काही उरलेलं नाही," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला भीती वाटायला हवी होती आणि ती भीतीची वाट पाहत उभी राहिली.

७

टाकीत वाफ सोडून उपरीला मारून टाकायचं, असं मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं. तिघंही तळघरात उतरली. जिन्याच्या तोंडाशी धुणारा नळाखाली बाटल्या विसळत होता. जिन्याकडे त्याची पाठ होती. टाकीच्या खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं.

टाकीचं झाकण बाजूला सरकलेलं होतं. त्याचे चाप वाकवलेले नव्हते की तुटलेले नव्हते. नीट सोडवलेले होते. मॅडमनी आत विजेरी धरली. स्टीलच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत ओल होती आणि तळाशी भिजलेल्या गव्हाची रिकामी टरफलं. पांढरं काही नव्हतं. एक कणही नव्हता. खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, बाकी सगळं शांत होतं.

मामा म्हणाले, कुणी काढली असेल. मॅडम म्हणाल्या, कोण काढणार? ती भिंतीवरच्या खुंटीकडे पाहत होती. त्या खुंटीला तिचा जादा पांढरा कोट असे. खुंटी रिकामी होती आणि खुंटीखालच्या फरशीवर ओले ठसे होते. पावलांचे म्हणावेत तर बोटं नव्हती.

बाहेर येऊन तिनं धुणाऱ्याला विचारलं, इथून कोण गेलं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि तो गोंधळला.

"तुम्हीच गेलात ना ताई, मघाशी? मागून गेलात."

पाहिलंस का, असं मामांनी विचारलं. तो म्हणाला, नाही, हात साबणात होते, पाठ होती. पण ताईच होत्या. का वाटलं ते नाही सांगता येत. रोज मागून जातात तेव्हा कळतं, तसंच कळलं.

मॅडम टेलिफोनकडे धावल्या. मामा काहीतरी विचारत होते. तिला ते दुरून आल्यासारखं ऐकू आलं, कारण तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली होती. बोटभर उघडलेलं दार, आणि फटीला लावलेलं म्हातारं नाक. तेव्हा कुठे भीती आली. आली ती एकदम आली, आणि ती धावत सुटली.

८

दुपारची उन्हं जिन्यात तिरपी पडली होती. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ओल होती.

तिनं किल्ली फिरवली. दार साखळीला अडलं. तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. आत फरशीवर सपाता सरकत आल्या, नेहमीच्या चालीनं, कसलीच घाई नाही. दार मिटलं आणि पुन्हा बोटभर उघडलं. बाबा सुखरूप होते. चेहरा शांत, दाढी केलेली. तिला रडू फुटलं.

बाबांनी फटीला नाक लावलं. श्वास घेतला. वाट पाहिली.

"कोण?" ते म्हणाले.

"बाबा, मी!" ती फटीला तोंड लावून ओरडली. "मी आहे, तुमची मुलगी! दार उघडा!"

काही शब्द पोचले असावेत. बाबा हसले, परक्या माणसाशी हसतात तसं. "मुलगी ना? ती मघाशीच आली. घरातच आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कोण हवंय?"

ते तिला 'तुम्ही' म्हणाले. तिनं फटीतून हात कसाबसा आत घातला. बाबांनी तो धरला. जन्मभर बारीक चक्रं चाचपलेली त्यांची बोटं तिच्या पेरांवरून फिरली, अंगठ्याशी लहानपणी भाजल्याचा डाग होता तिथे आली आणि थांबली. बाबांच्या कपाळाला आठी पडली. "हात तर..." ते पुटपुटले. तिनं श्वास रोखून धरला. आता साखळी निघेल असं तिला वाटलं.

बाबांनी तो हात नाकाशी नेला. खोल हुंगला. उलटा करून मनगट हुंगलं. मग हळूच, जपून, फटीतून बाहेर सारला.

"तुमच्या हाताला काहीच वास नाही हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कणव होती. "बरं नाही का तुम्हाला?"

त्यांच्या खांद्यावरून तिला आतली खोली दिसत होती. टेबल, दोन कप, तिची खुर्ची. खुर्चीची पाठ दाराकडे होती आणि खुर्चीत तिचा पांढरा कोट बसलेला होता. कॉलरच्या वर जे होतं त्यातून खिडकीचा उजेड आरपार येत होता. एक बाही टेबलावर होती. बाहीच्या तोंडातून पांढरं, मऊ काहीतरी कपाच्या कानाकडे सावकाश सरकत होतं.

"आलो गं," बाबा मागे वळून म्हणाले. कुणी हाक मारली नव्हती.

दार लोटताना आतली हवा फटीतून तिच्या तोंडावर आली. त्या घराचा वास तिला पाठ होता. घड्याळाचं तेल, बाबांचा स्वेटर, ओल आलेली भिंत, उकळलेल्या चहाची भुकटी. ती एकेकाची वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही.

मग साखळी थोडी वाजली आणि दार लागलं. ती तिथेच उभी राहिली, नाक दाराला लावून. उजव्या हाताचं बोट सवयीनं बटणावर धरतात तसं उचललेलं होतं, आणि ते तसंच राहिलं.